‘गुऱ्हाळ’ नीट उमटले पाहिजे: रेंडर केलेल्या चित्रांतून डिजिटल कॉमिक करण्यासाठी सॉफ्टवेअरची निवड

कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर एका रात्रीत घडणारी बारा पानांची चित्रकथा मी करायला घेतली, तेव्हा सॉफ्टवेअर निवडण्याचा माझा क्रम पूर्णपणे उलटा होता. आधी त्रिमितीय दृश्ये उभारण्याचे सॉफ्टवेअर शिकलो, मग चित्रे रेंडर केली (म्हणजे त्या दृश्यांवरून संगणकाकडून तयार चित्रे काढून घेतली), मग पानाच्या चौकटी पाडण्यासाठी एक सुबक दिसणारे सॉफ्टवेअर विकत घेतले, आणि बाराही पाने मांडून झाल्यावर संवादाच्या पहिल्या फुग्यात ‘गुऱ्हाळ’ हा शब्द टाईप केला. तो तुटला. ऱ सुटा, त्याच्या खाली हलन्ताची शेपटी आणि पुढे वेगळा ह. त्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नव्हती, आणि मला सगळी पाने दुसरीकडे नेऊन पुन्हा मांडावी लागली.

इंग्रजीतली मार्गदर्शने वाचून निवड करणाऱ्या मराठी माणसाचे असेच होते, कारण तिथे अक्षरे हा शेवटचा आणि सोपा टप्पा मानलेला असतो. मराठी कॉमिकसाठी तो पहिला टप्पा आहे. पुढे दिलेला क्रम या अनुभवातून ठरला आहे: कॉमिक कुठे वाचले जाणार, मग अक्षरे, मग रेंडर, मग चित्रावरचे संस्कार, मग पानाची मांडणी आणि शेवटी छपाई. सगळे काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये व्हावे हा आग्रह मात्र पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. रेंडर, रंगकाम आणि अक्षरमांडणी ही तीन निरनिराळी कामे आहेत, आणि तीन साधी हत्यारे एका महागड्या हत्यारापेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडतात.

पहिली पायरी: वाचक कुठे वाचणार

मोबाईलवर वरून खाली सरकवत वाचायचे कॉमिक आणि छापील पुस्तिका यांची मापे वेगळी असतात, म्हणून सॉफ्टवेअरकडून असलेल्या अपेक्षाही वेगळ्या होतात. ए-५ आकाराचे पान १४८ बाय २१० मिलिमीटर असते. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ते १७४८ बाय २४८० पिक्सेल होते. चारही बाजूंना कापणीसाठी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कडेबाहेरची जादा जागा, धरले, तर साधारण १८१९ बाय २५५१ पिक्सेलचा कॅनव्हास लागतो. ए-४ साठी ब्लीड सोडून २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. याउलट वेबटूनच्या धर्तीवरच्या उभ्या कॉमिकमध्ये ८०० पिक्सेल रुंदी आणि प्रत्येकी १२८० पिक्सेलपर्यंत उंचीचे तुकडे हे रूढ माप आहे.

हे आकडे आधी माहीत असण्याचे कारण रेंडरच्या वेळात आहे. पानाच्या निम्म्या रुंदीच्या चौकटीसाठी ४००० पिक्सेलचे चित्र रेंडर करत रात्रभर संगणक तापवण्यात अर्थ नाही, आणि ८०० पिक्सेलवर केलेले चित्र नंतर छपाईसाठी ताणता येत नाही. पुढेमागे पुस्तिका छापण्याचा विचार मनात असेल, तर सुरुवातीलाच छपाईचे माप धरून मोबाईलसाठी प्रत लहान करावी. उलट दिशेचा रस्ता बंद असतो.

दुसरी पायरी: अक्षरांची परीक्षा

कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी किंवा शिकायला घेण्यापूर्वी त्याची विनामूल्य किंवा चाचणी प्रत उतरवून त्यात पुढील वाक्य टाईप करावे: ‘ज्ञानू म्हणाला, गुऱ्हाळातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कुऱ्हाड ठेवू नका, शुद्ध काकवी सांडेल, कर्रर्र!’ या वाक्यात मराठीच्या बहुतेक खोड्या येतात. ‘ऱ्ह’मधला र रफार होऊन डोक्यावर जाता कामा नये आणि सुटाही राहता कामा नये. ‘मि’ आणि ‘नि’ या ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसली पाहिजे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या सर्व लिपींच्या सामाईक संकेतसंचात २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘कर्रर्र’मध्ये दोन रफार नीट पडले, तर कॉमिकमधले ध्वनिशब्दही निभावतील असे समजावे.

वाक्य नुसते दिसले म्हणून परीक्षा संपत नाही. त्याला फुग्याच्या आकारात बसवावे, ओळ आपोआप मोडते का ते पाहावे, फाईल जतन करून बंद करावी, पुन्हा उघडावी आणि शेवटी पीडीएफ काढून ती मोबाईलवर उघडावी. काही ठिकाणी पडद्यावर शुद्ध दिसणारी अक्षरे पीडीएफमध्ये विस्कटतात.

या परीक्षेत इंकस्केप हे रेखाचित्रांचे मोफत सॉफ्टवेअर चांगल्या रीतीने उतरते, कारण देवनागरीची अक्षरे जुळवणारी यंत्रणा त्याच्या गाभ्यातच आहे. चित्रे संपादित करण्याचे गिंपही तीच यंत्रणा वापरते. स्क्रायबस या मोफत मांडणी सॉफ्टवेअरच्या जुन्या १.४ मालिकेत मराठी अक्षरे तुटत असत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती नीट जुळतात, म्हणून एखाद्याच्या जुन्या संगणकावरची प्रत पाहून त्याविषयी मत बनवू नये. अडोबीच्या फोटोशॉप आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींसाठीचा मांडणीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो न निवडता टाईप केले की वेलांट्या भलतीकडे जातात आणि लोक फाँटला दोष देत बसतात. क्लिप स्टुडिओ पेंट चौकटी पाडण्यात आणि चित्रकामात फार समर्थ आहे, परंतु मराठी संवाद त्यातच लिहायचे असतील तर चाचणी प्रतीवर वरचे वाक्य पूर्ण तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत.

त्रिमितीय दृश्ये उभारण्याच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरविषयी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. त्यातल्या त्रिमितीय मजकुरात देवनागरी जोडाक्षरे जुळत नाहीत. दृश्यात दुकानाची पाटी किंवा ट्रकच्या मागची अक्षरे हवी असतील, तर ती इंकस्केपमध्ये लिहून, पथात (म्हणजे टाईप केलेल्या मजकुराऐवजी नुसत्या बाह्यरेषांच्या आकारात) रूपांतरित करून, एसव्हीजी या रेखाचित्राच्या फाईलीत ब्लेंडरमध्ये आणावीत, किंवा पीएनजी करून पाटीच्या पृष्ठभागावर चित्रासारखी चिकटवावीत.

फाँट निवडताना तो युनिकोडच असावा. डीटीपीच्या दुकानांत अजूनही जुन्या सांकेतिक पद्धतीचे फाँट चालतात आणि ते दिसायला सुरेखही असतात, पण त्यात लिहिलेला मजकूर दुसरीकडे नेला की निरर्थक इंग्रजी चिन्हे होतो. बोलक्या फुग्यांसाठी हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’, निवेदनाच्या पट्ट्यांसाठी ‘मुक्त’, आणि ठळक ध्वनिशब्दांसाठी ‘बालू’ किंवा ‘मोदक’ हे फाँट मुक्त परवान्याचे असल्यामुळे विक्रीच्या पुस्तिकेतही वापरता येतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट खास त्यासाठीच घडवलेला आहे. हिंदी वळणाचा ल मराठी वाचकाला खटकतो, आणि कॉमिकसारख्या अक्षरे मोठी दिसणाऱ्या माध्यमात तर फारच.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींमधले अंतर इंग्रजी कॉमिकपेक्षा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या १३० ते १४५ टक्के अंतर मला योग्य वाटते. अक्षरांमधले आडवे अंतर कधीही वाढवू नये, कारण शिरोरेषा जागोजागी तुटते. जोर देण्यासाठी इंग्रजीत मोठी लिपी असते, ती सोय आपल्याकडे नाही आणि तिरपी अक्षरे सॉफ्टवेअरने जबरदस्तीने वाकवलेली दिसतात, म्हणून ठळकपणा आणि आकार यांवरच भागवावे. ध्वनिशब्दांना जाड कडा द्यायची असेल, तर आधी अक्षरांचे पथ करून ते सगळे एकमेकांत मिसळून एकसंध आकार करावा आणि मग कडा द्यावी. हे केले नाही, तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर कडेची रेघ शिरोरेषेला चिरत जाते.

तिसरी पायरी: रेंडर कशात करायचे

येथे खरी स्पर्धा ब्लेंडर आणि डॅझ स्टुडिओ यांच्यात आहे. डॅझ स्टुडिओ विनामूल्य मिळते आणि त्यात तयार माणसे, कपडे, केस आणि मुद्रा दुकानातून घेता येतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात भरदार चित्रे दिसू लागतात. त्याचा आयरे हा रेंडरर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर वेगाने चालतो. तसे कार्ड नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि एका चौकटीला तासन् तास लागू शकतात. दुसरी अडचण वेशाची आहे. आमच्या कथेतल्या गुळव्याचे गुडघ्यापर्यंतचे धोतर, मुंडासे, आणि काहिलीजवळ घामाने अंगाला चिकटलेली बंडी यांच्या जागी काय काय ठेवावे लागते, ते दुकान चाळताना लगेच कळते.

ब्लेंडर शिकायला जास्त वेळ लागतो, पण ते मुक्त आहे, जुन्या संगणकावरही ईव्ही या जलद रेंडररने काम भागवता येते, आणि काहिल, चुलवाण, चिपाडांचे ढीग, पत्र्याचे छप्पर अशा आपल्या वस्तू आपल्यालाच घडवायच्या असल्यामुळे ते अधिक सोयीचे पडते. माणसांसाठी मेकह्यूमनमधून शरीरे घेऊन ब्लेंडरमध्ये आणता येतात. माझे मत ब्लेंडरच्या बाजूचे आहे. ज्याच्या कथेत शहरी कपड्यांतली पात्रे आहेत आणि ज्याच्याकडे चांगले ग्राफिक्स कार्ड आहे, त्याने डॅझ घ्यायला हरकत नाही.

ब्लेंडरमध्ये कॉमिकसाठी एक व्यवस्था फार उपयोगी पडते. प्रत्येक चौकटीसाठी वेगळी फाईल न करता एकाच दृश्यात अनेक कॅमेरे ठेवावेत, काळपट्टीवर प्रत्येक चौकटीसाठी एक फ्रेम धरावी, त्या फ्रेमवर खूण करावी आणि खुणेला कॅमेरा बांधावा. मग संपूर्ण प्रसंग ॲनिमेशनसारखा एका आज्ञेत रेंडर होतो आणि प्रत्येक फ्रेम वेगळ्या पीएनजीत जतन होत जाते. रात्री वीज गेली तर केवळ चालू असलेली चौकट वाया जाते. जुन्या फाईलवर नवी न लिहिण्याचा पर्याय निवडून ठेवला असेल, तर वीज आल्यावर काम राहिलेल्या चौकटीपासून पुढे सुरू होते.

कॅमेरे ठेवण्यापूर्वी कागदावर अंगठ्याएवढी रेखाटने करावीत. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच कोल्हापुरात १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. चित्रीकरणाआधी पात्रे, वेश आणि हालचाली रेखाटून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. त्रिमितीय दृश्यात कॅमेरा कुठेही फिरवता येतो, म्हणूनच कागदावर आधी ठरवलेले नसेल तर माणूस दिवसभर नुसता कॅमेराच फिरवत राहतो.

चौथी पायरी: रेंडरला कॉमिकचे रूप

कच्चे रेंडर केलेले चित्र चौकटीत घालून त्यावर फुगा ठेवला की दोन्ही एकमेकांना परकी दिसतात. चित्रात शेकडो छटा असतात आणि फुगा सपाट पांढरा असतो. यावर सर्वांत सोपा दिसणारा उपाय म्हणजे चित्राला एका झटक्यात व्यंगचित्रासारखे करणारा फिल्टर लावणे. तो एखाद्या चौकटीवर छान दिसतो, पण पाच चौकटींत एकाच चेहऱ्याला पाच प्रकारच्या रेषा देतो, म्हणून संपूर्ण कथेसाठी त्यावर अवलंबून राहू नये.

रेषा त्रिमितीय आकारांतूनच काढाव्यात. ब्लेंडरमध्ये त्यासाठी फ्रीस्टाइल आहे, आणि २०२१ च्या २.९३ आवृत्तीपासून लाइन आर्ट ही सोयही आहे. या रेषा रंगापासून वेगळ्या थरात रेंडर कराव्यात, म्हणजे नंतर त्यांची जाडी आणि रंग पानावर ठरवता येतात. आकार ओळखून आपोआप मुखवटे तयार करणारा क्रिप्टोमॅट थरही सोबत काढून ठेवावा. एका पात्राचा सदरा तेवढा उजळ करायचा असेल, तर पुन्हा रेंडर न करता मुखवट्याच्या आधारे तो निवडता येतो. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये एजीएक्स ही रंगदृष्टी, म्हणजे रेंडरचे रंग पडद्यावर दाखवण्याची पद्धत, आपोआप लागू असते. ती छायाचित्रासारख्या प्रकाशासाठी उत्तम आहे, पण सपाट रंगांच्या कॉमिकमध्ये निवडलेला रंग फिका पाडते, त्यामुळे तिथे ‘स्टँडर्ड’ हा पर्याय निवडावा.

चित्रावर हाताने काही रंगवायचे असेल तर क्रिटा हे चित्रकामाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि ते मोफत आहे. काहिलीवरची वाफ मी त्रिमितीय रेंडरमधून काढण्याचा बराच प्रयत्न केला. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये ती काढायला वेळ फार लागतो, आणि रेंडरमधले ठिपक्यांसारखे दाणे घालवणारी यंत्रणा वाफेचे तंतू पुसून तिचा नुसता धुरकट डाग करते. शेवटी क्रिटात मऊ कुंचल्याने दहा मिनिटांत रंगवलेली वाफ सगळ्या रेंडरपेक्षा चांगली दिसली. वाफ, ठिणग्या, धूळ आणि पाऊस यांच्यासाठी हाताचाच मार्ग धरावा, असे मी निःशंकपणे सांगतो.

पाचवी पायरी: पान कशात मांडायचे

मांडणीच्या सॉफ्टवेअरची पारख करताना चौकटी किती सुंदर पाडता येतात याला लोक फार महत्त्व देतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की, चौथ्या पानावरची चौकट पुन्हा रेंडर केली तर नवे चित्र पानात आपोआप येईल का. येत नसेल तर प्रत्येक दुरुस्तीला चित्र पुन्हा आणणे, कापणे आणि जागेवर बसवणे हे सारे करावे लागते, आणि दुरुस्त्या तर होतच राहतात. म्हणून चित्र फाईलमध्ये गाडून न ठेवता जोडून ठेवण्याची सोय शोधावी. इंकस्केप चित्र आणताना जोडायचे की आत घ्यायचे हे विचारते, तेव्हा जोडण्याचा पर्याय घ्यावा. स्क्रायबस मुळातच जोडणी ठेवते. क्रिटात फाईल-थर आणि क्लिप स्टुडिओत फाईल-वस्तू या नावाने ही सोय मिळते. जोडणी टिकावी यासाठी चित्रांचे फोल्डर आणि त्यांची नावे शेवटपर्यंत बदलू नयेत.

क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये चौकट रेघेने चिरत जाऊन पान विभागता येते आणि हे काम त्यात अतिशय वेगाने होते. मात्र अनेक पाने एका प्रकल्पात सांभाळण्याची आणि चित्रापासून रेषा व छटा वेगळ्या काढण्याची सोय त्याच्या महाग असलेल्या ईएक्स प्रतीतच आहे, साध्या प्रो प्रतीत नाही. क्रिटात कॉमिक प्रकल्प सांभाळणारी एक पट्टी आहे, जी पानांची यादी ठेवते आणि सीबीझेड व ईपब या डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपांत पुस्तक काढून देते. मोबाईलवर वाचण्यासाठी फाईल द्यायची असेल तर ती कामाची आहे. कॉमिक लाइफमध्ये तयार साचे आणि फुगे ओढून टाकता येतात. शाळेतल्या मुलांच्या उपक्रमासाठी ते बरे आहे, पण मोठ्या कथेला साच्यांचा कंटाळा येतो.

मी सध्या चौकटी, फुगे आणि संवाद इंकस्केपमध्ये करतो. १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, त्यात एका फाईलमध्ये अनेक पाने ठेवता येतात. तरीही मोठी रेंडर चित्रे जोडलेली बारा पाने एकत्र ठेवली की ते जड होते, म्हणून दोन समोरासमोरच्या पानांची एक फाईल असे ठेवावे. चोवीस किंवा अधिक पानांची पुस्तिका छापायची असेल, तर सरळ स्क्रायबसकडे वळावे.

निवड पक्की करण्यापूर्वी एकच पान सॉफ्टवेअरच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांत करून पाहावे. पान असे घ्यावे, की त्यात एक लांब संवाद, एक ध्वनिशब्द, एक चौकटीबाहेर येणारे पात्र आणि एक रात्रीचे दृश्य असेल. पान झाल्यावर मुद्दाम संवादातले एक वाक्य बदलावे, एक चौकट रुंद करावी आणि एक चित्र नव्याने रेंडर करून घालावे. या तीन बदलांना जिथे कमी वेळ लागेल, ती जोडी आपली. पहिले पान करायला किती वेळ लागला हे गौण आहे.

सहावी पायरी: छापखान्यात जाण्यापूर्वी

मोबाईलपुरतेच काम असेल तर ही पायरी सोडता येते. पुस्तिका छापायची असेल, तर फाईल देण्यापूर्वी नव्हे, सॉफ्टवेअर ठरवण्यापूर्वीच छापखान्यात जाऊन ते कोणती फाईल घेतात हे विचारावे. डीटीपी करणाऱ्यांकडे बहुधा कोरलड्रॉ असते आणि तुमची मराठी पीडीएफ त्यात उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला, की फाँट नसल्यामुळे अक्षरे बदलण्याचा धोका असतो. म्हणून छपाईच्या प्रतीत सगळ्या अक्षरांचे पथ करून द्यावेत आणि टाईप करता येणारी मूळ प्रत स्वतःकडे वेगळी ठेवावी.

संवादाची अक्षरे केवळ काळ्या शाईची असावीत. चारही शायांच्या मिश्रणातून काळा रंग झाला, तर प्लेट केसभर सरकली तरी मात्रा आणि अनुस्वार रंगीत होऊन पसरतात. स्क्रायबसमध्ये हे नियंत्रण सर्वांत चांगले आहे, कारण ते छपाईच्या चार रंगांत थेट पीडीएफ काढते. इंकस्केप पडद्याच्या रंगांत काम करते, म्हणून त्यातली अक्षरे एसव्हीजीत घेऊन स्क्रायबसमध्ये आणावीत आणि तिथे त्यांना शुद्ध काळा द्यावा. चुलवाणातल्या जाळाचा तळपता नारिंगी पडद्यावर दिसतो तसा कागदावर येत नाही. क्रिटात चार रंगांच्या रूपात चित्र आधीच पाहून, भोवतालचा अंधार आणखी गडद करून जाळ उजळ भासवावा लागतो. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानसंख्या चारने भाग जाणारी ठेवावी, आणि सगळ्या प्रती छापण्यापूर्वी रात्रीच्या दृश्याचे एक पान त्याच कागदावर काढून दिवसाच्या उजेडात पाहावे.

परवान्यांची तपासणी याच टप्प्यावर पूर्ण करावी. ब्लेंडरमध्ये केलेली चित्रे तुमचीच असतात. डॅझच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूंची रेंडर केलेली चित्रे विकता येतात, पण त्या त्रिमितीय वस्तू दुसऱ्याला देता येत नाहीत. पोत आणि दृश्याला प्रकाश देणारी चित्रे पॉली हेवन या संकेतस्थळावरून घेतली, तर ती कोणत्याही अटीशिवाय वापरता येतात. वापरलेल्या प्रत्येक फाँटचे, पोताचे आणि वस्तूचे नाव, तसेच त्याचा परवाना, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर फाईलीत पहिल्या दिवसापासून लिहीत जावे.